टोपलीचें ऋण

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं मंदिर केव्हां बांधिलें, घंटा कोणत्या वर्षीं आली, कोण कोण धर्मगुरु होऊन गेले, हें दफ्तर पाहून सांगतां येतें. परंतु ज्या माउलीच्या मस्तकावरील टोपलीनें आमचीं घरें उभीं राहिलीं, तिची नोंद बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु या तीन ओळींपलीकडे सांपडत नाहीं. म्हणून वसईच्या त्या कष्टाळू आईचें, आजीचें स्मरण करणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

वसई 1534 सालीं पोर्तुगीजांकडे गेली व 1739 सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकिली. राज्यें बदललीं, पण वाडीचें काम चुकलें नाहीं. बावखलाचें पाणी रहाटानें वर येई व पाटांतून केळीस, पानवेलीस, भाजीस मिळे. आगाशीकडे राजेळी केळीं सोलून उन्हांत सुकवीत व त्यांचीं सुकेळीं करीत. पुढें 1864 सालीं आगगाडीचा मार्ग वसईच्या खाडीवरून मुंबईस पोंचला. 1867 च्या एप्रिलांत विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. आरंभीं ती दिवसांतून एकदांच जाई व येई. 1936 सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली. याच लोहमार्गानें आमच्या आजीची टोपली मुंबईस जाऊं लागली.

कोंबडा आरवण्यापूर्वीं ती उठे. तांबडें लुगडें कांसून, चुलीवर भाकरी भाजून, तान्ह्यास थोरल्या लेकीच्या स्वाधीन करून ती स्टेशनाची वाट धरी. दिवेलागणीस परतल्यावर पदराची गांठ सोडून ती नाणीं मांडी : एक वांटा बियाण्याचा, एक मुलांच्या फीचा, एक देवळाचा. रात्रीं रोझरी म्हणतांना तिचे डोळे मिटत, पण बोटांतले मणी सरकत राहत.

आतां एक गोष्ट लज्जेनें नमूद करितों. त्या फीवर शिकून आमच्यांतील कित्येक शहरांत नोकरीस लागले. आणि फलाटावर टोपली घेऊन उतरणारी आजी दिसतांच, सोबत्यांसमोर त्यांनीं तोंड फिरविलें. आम्हीही त्यांतलेच. तिनें तें पाहिलें. घरीं आल्यावर ती एक शब्दही बोलली नाहीं. आमच्यासाठीं निवडून ठेविलेलें केळें मात्र नेहमींप्रमाणें पानांत वाढिलें.

आज कित्येक वाड्यांवर इमारती उभ्या आहेत, कांहीं बावखलें बुजलीं आहेत, आणि क्षमा मागावी तर ती माउलीही उरली नाहीं. सुज्ञ वाचकहो, ज्यांच्या घरीं अशी वृद्धा अद्याप आहे त्यांनीं तिच्याजवळ बसावें, तिच्या कष्टांचा वृत्तांत लिहून घ्यावा व तो धर्मग्रामाच्या दफ्तराशेजारीं ठेवावा. मोठ्या दात्यांचीं नांवें शिळेवर कोरलीं जातात; पदराच्या गांठींतून आलेल्या नाण्यावर नांव नसतें. त्या सर्व माउलींस परमेश्वर चिरशांति देवो.