चित्राची लांबी

संगणकाला दोन-चार ओळींचे वर्णन द्यावे आणि त्याने हलते चित्र रचून द्यावे, यात आता पूर्वीची नवलाई राहिलेली नाही. मात्र ते चित्र बहुधा काही सेकंदांतच संपते. ते लांबवायचे कसे, हा प्रश्न हौशी कलावंतांपासून जाहिरातवाल्यांपर्यंत अनेकांना पडतो. पण हा प्रश्न चलच्चित्राइतकाच जुना आहे.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत ल्यूमिए बंधूंनी दहा चित्रे दाखवली. प्रत्येक सुमारे ५० सेकंदांचे, कारण फीतच सुमारे १७ मीटर लांबीची असे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला, तेव्हाही पाहणाऱ्यांना मिळाले ते असेच तुकडे.

फीत लांब केली तर काय होई? यंत्रात ती धक्क्याधक्क्याने सरके. मागच्या जड गुंडाळीचा ताण तिच्यावर येई आणि ती फाटे. अमेरिकेत १८९५च्या सुमारास यावर साधा तोडगा निघाला. पतंगाला ढील द्यावी तसा फितीला एक सैल वळसा ठेवायचा, म्हणजे धक्का गुंडाळीपर्यंत पोचत नाही. त्याला ‘लॅथम लूप’ म्हणतात. लॅथम मंडळींबरोबर काम केलेल्या इनॉक रेक्टरने १७ मार्च १८९७ रोजी नेवाडात झालेली कॉर्बेट-फिट्झसिमन्स ही मुष्टियुद्धाची लढत चित्रित केली. तो चित्रपट शंभर मिनिटांहून मोठा होता. गंमत अशी, की त्याच वर्षी सीगमंड लुबिनने दोन माणसे उभी करून त्याच लढतीची नक्कल चित्रित केली आणि तीही लोकांना दाखवली. लांब चित्र आणि बनावट चित्र अशी पाठोपाठ आली.

तरीही कथाचित्राला लांबी मिळाली ती मुख्यतः जोडकामामुळे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचा अंकुर वाढताना टिपला. रोज थोडे थोडे चित्रण करून कित्येक दिवसांची वाढ त्यांनी काही क्षणांत दाखवली. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो सुमारे ३,७०० फुटांचा. ते सगळे तुकडेच होते, पण हरिश्चंद्र कोण, तारामती कोण, ती कुठून निघाली, हे एका माणसाच्या डोक्यात पक्के होते. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. चेहरा एक, पात्रे दोन, आणि प्रेक्षकांनी ते मनापासून मानले.

आजच्या यंत्राची अडचण याच्या नेमकी उलट आहे. तिथे पात्र एक असते आणि चेहरे बदलत जातात. अशा अनेक प्रणाली चित्रातल्या प्रत्येक तुकड्याचा संबंध बाकीच्या सर्व तुकड्यांशी तपासतात. लांबी दुप्पट केली की ही तपासणी चौपट होते. म्हणून २०२२ साली गूगलच्या ‘फेनाकी’ने दोन मिनिटांहून लांब चित्र रचून दाखवले खरे, पण ते धूसर होते. फेब्रुवारी २०२४मध्ये ‘सोरा’ने एका मिनिटापर्यंतची रेखीव चित्रे दाखवली. मे २०२५मध्ये आलेल्या ‘व्हिओ ३’ने आवाजही दिला, पण एका वेळी आठच सेकंद.

मग लोक जोडकामाकडे वळले. एका तुकड्याची शेवटची चौकट ही पुढच्या तुकड्याची पहिली चौकट करायची. युक्ती चांगली, पण छायाप्रतीची छायाप्रत काढत गेल्यासारखे होते. रंग भडक होतात, नाकडोळे सरकतात, सदऱ्याची बटणे कमीजास्त होतात. म्हणून जाणकार मंडळी आधी पटकथा लिहितात, प्रसंगांचे तुकडे पाडतात, आणि पात्राची ठरलेली चित्रे प्रत्येक वेळी यंत्रापुढे ठेवतात. म्हणजे फाळक्यांनी डोक्यात सांभाळले ते आता यंत्राला पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

आम्हा कवींना हे ओळखीचे वाटते. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. काफिया आणि रदीफ त्यांना एकत्र बांधतात, पण तेवढ्याने कथा होत नाही. कथा सांगायची तर कीर्तनकाराच्या आख्यानासारखे मागचे धरून पुढे जावे लागते. यंत्राला आज शेर जमतो. आख्यान अजून माणूसच लावतो.

यंत्राची ही विसरभोळी खोड जाईलही. सैल वळशासारखा एखादा साधा तोडगा पुन्हा कुणाला तरी सुचेल. तेव्हा एक गोष्ट मात्र आपल्या हातून निसटेल. आज एखादी फसवी चित्रफीत आपण कधी कधी तिच्या तुटकपणावरून ओळखतो, आणि अखंड चाललेले दृश्य दिसले की सहज विश्वास टाकतो. दंगलीच्या दिवसांत अशा विश्वासाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे वेगळे सांगायला नको. लांबी हा खरेपणाचा पुरावा उरणार नाही. हे कुणी टिपले, कुठे टिपले, कुणी जोडले आणि त्याची जबाबदारी कोण घेतो, हे विचारण्याची सवय त्याआधीच लावून घेतलेली बरी. लुबिनच्या प्रेक्षकांनाही तेच विचारावे लागले असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)