जीन्स, शेवटचं भोजन आणि पॅरिसचं कोर्ट

मंडळी, एक चित्र डोळ्यांसमोर आणा. लांब टेबल, मधे येशू, दोन्ही बाजूंना शिष्य. लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’. 2005 मध्ये मारिते फ्रांस्वा जिर्बो या फ्रेंच कपड्यांच्या ब्रँडने हेच दृश्य जाहिरातीत उभं केलं. येशू आणि शिष्यांच्या जागी बायका, सोबत उघड्या पाठीचा एक पुरुष.

आता या चित्राची नक्कल काय कमी वेळा झालीय? मग एवढं चिडायचं कशाला? तर कॅथलिकांसाठी ते नुसतं चित्र नाही. त्या जेवणातल्या भाकरी आणि द्राक्षारसातूनच मिस्साविधी आला. आपल्या वसईत, गोव्यात आजही होतो तोच.

मिलानने, म्हणजे मूळ चित्र जिथल्या भिंतीवर आहे त्याच शहराने, पोस्टरवर बंदी घातली. फ्रान्समध्ये बिशपांशी जोडलेली संस्था कोर्टात गेली. मार्च 2005 मध्ये पॅरिसच्या कोर्टाने पोस्टर उतरवायला सांगितलं, एप्रिलमध्ये अपिलातही तेच. 14 नोव्हेंबर 2006 ला वरच्या कोर्टाने निकाल फिरवला: दृश्याची नक्कल केली म्हणजे श्रद्धाळूंना त्यांच्या धर्मावरून अपमानित केलं, असं होत नाही.

कायदा म्हणून मला हे पटतं. खटकतं ते वेगळंच. चित्रकाराला निदान काहीतरी म्हणायचं असतं. इथे कपडे खपवायचे होते. आणि निकाल आला तोवर त्या कपड्यांचा सीझन केव्हाच संपला होता.