नोंदवहीतली नकुशी आणि नवे यंत्र

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक आगळे बारसे झाले. तिथे पाळणा नव्हता, घुगऱ्याही नव्हत्या. ज्यांचे बारसे होते त्यांतल्या कितीतरी जणी शाळेत जाणाऱ्या होत्या. घरात मुलीमागून मुलगी झाली, की पुढच्या खेपेला तरी मुलगा व्हावा म्हणून तिचे नाव 'नकुशी' किंवा 'नकुसा' ठेवायचे, अशी आपल्याकडची जुनी रीत. जिल्हा परिषदेने गावोगावी शोध घेऊन अशा २८५ मुलींची नावे बदलली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. काहींनी नवे नाव स्वतः निवडले आणि त्याचे प्रमाणपत्र हातात घेऊन त्या घरी गेल्या.

प्रमाणपत्राची गरज का पडली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. घरच्यांनी नव्या नावाने हाक मारली की काम भागले असते! पण जन्माची नोंद, शाळेचा दाखला, हजेरीपट या साऱ्या कागदांवर ती नकोशीच राहिली असती. माणसे विसरतात, नोंदवही विसरत नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात ही गोष्ट पुन्हा आठवावी लागते, कारण हे नवे यंत्र नोंदवह्या वाचूनच शहाणे होते.

या यंत्राला स्वतःचे मत नसते. आजवर माणसांनी लिहिलेले, मोजलेले, साठवलेले त्याच्यापुढे ठेवले जाते आणि त्यातून ते पुढचा अंदाज बांधते. जुन्या नोंदीत अन्याय असेल, तर यंत्र तो रीत समजून गिरवते. अमेरिकेतल्या अॅमेझॉन कंपनीने नोकरीसाठी आलेले अर्ज तपासणारी अशी एक प्रणाली तयार करून पाहिली होती. तिला शिकवायला दहा वर्षांतले जुने अर्ज दिले. ते बहुतांशी पुरुषांचे होते. परिणामी अर्जात महिलांच्या संस्थेचा उल्लेख दिसला, की प्रणाली त्या अर्जाचे गुण कमी करू लागली. कंपनीला तो नाद सोडावा लागला. २०१८ मध्ये ही हकीकत जगासमोर आली. त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी या तरुण संशोधिकेने टिम्नित गेब्रू यांच्यासह चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. एमआयटीत विद्यार्थिनी असताना यंत्राला आपला चेहरा दिसावा म्हणून तिला पांढरा मुखवटा चढवावा लागला होता. तिथून तिचा हा शोध सुरू झाला.

ही उदाहरणे दूरची वाटतील, पण हा झगडा आपल्या मातीला नवा नाही. पूर्वी सातारा आणि सांगली हा एकच मोठा जिल्हा होता; १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. याच सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, १९८०च्या दशकाच्या अखेरीस परित्यक्ता स्त्रिया संघटित झाल्या. नवऱ्याने टाकलेल्या बाईला सासरच्या रेशनकार्डावर जागा उरत नसे आणि माहेरच्या कार्डावर ती भावाच्या मर्जीवर. त्यांच्या मागण्यांत घराला जागा होती, तसे स्वतःच्या नावाचे रेशनकार्डही होते. कागदावर नाव नाही, तर धान्य नाही, हे त्या अनुभवाने जाणत होत्या. अलीकडे महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावण्याचा नियम आला. त्याचे मोल ओळखायचे, तर त्या रेशनकार्डांची आठवण ठेवली पाहिजे.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची गोष्टही अशीच आहे. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, हिशेब येतो. व्याजाचे गणित घाला आणि तुमच्या माणसांनाही घाला. १९९७ मध्ये माणदेशी बँक उभी राहिली.

या गोष्टीतला महत्त्वाचा भाग कोणता? नकार देणारा माणूस समोर होता, त्याच्या टेबलापाशी जाता आले, त्याला पटवता आले. उद्या कर्जाचा अर्ज यंत्राने नाकारला, तर म्हसवडच्या बाईने कोणाच्या टेबलापाशी जायचे? माझ्या मते स्त्री-पुरुष समतेचा आजचा कळीचा प्रश्न हा आहे.

यंत्र आधी येते आणि कायदा मागाहून, हेही आपण सोसलेले आहे. सोनोग्राफी पोटातल्या बाळाची प्रकृती पाहण्यासाठी आली आणि मुलगी आहे का हे पाहण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईतल्या कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही २००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ मुली उरल्या होत्या. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळाने गर्भवती स्त्रियांच्या मदतीने सापळे लावून असे दवाखाने उघडे पाडले. २०२५ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, मार्च २०१७ मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. कायदा झाला म्हणून राखण संपत नाही, हा म्हैसाळचा धडा आहे. संगणकही यातून सुटला नाही. गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती इंटरनेटवर दिसतात म्हणून साबू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. गुगल, याहू, मायक्रोसॉफ्ट यांना असे शोध आपोआप रोखण्याची व्यवस्था मान्य करायला २०१६ उजाडले.

आता भाषेकडे पाहू. इंग्रजीत डॉक्टर नुसता 'येतो'. मराठीत तो आला की ती आली, हे सांगावेच लागते. भाषांतर करणारे यंत्र इथे जुन्या मजकुराकडे वळते आणि बहुधा डॉक्टरला पुरुष आणि नर्सला बाई करून टाकते. आपल्या भागात आणखी एक गंमत आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या मुली सहज 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. पुस्तकी मराठीवर शिकलेल्या यंत्राला त्या मुली पुरुष वाटणार, किंवा त्यांची बोली चुकीची वाटणार. ज्या बोलीत आईने ओव्या म्हटल्या, ती बोली यंत्राच्या लेखी चूक ठरणे हा अपमान लहान नाही.

हे काम तरुणांनी हाती घ्यावे, असे म्हणायला इतिहासाचा आधार आहे. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. अमेरिकेत भारतीय वंशाच्या स्नेहा रेवणूर हिने २०२० मध्ये 'एन्कोड जस्टिस' ही तरुणांची संघटना सुरू केली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. कॅलिफोर्नियात आरोपीला जामीन द्यायचा का, हे ठरवताना गणिती प्रणालीचा आधार घेण्याचा प्रस्ताव होता. त्याविरुद्ध तिने मुलांना गोळा केले आणि त्या वर्षी मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला.

कराड, ईश्वरपूर, विटा, वाई इथल्या महाविद्यालयांतून हजारो मुली संगणक शिकत आहेत. शिकताना त्यांनी प्रत्येक नव्या प्रणालीला तीन प्रश्न विचारावेत. तुला शिकवताना कोणाच्या नोंदी दिल्या? त्यात आमच्यासारख्या बायका किती होत्या? आणि तुझा निर्णय चुकला, तर दाद कोणाकडे मागायची? ही प्रणाली प्रवेशाची असो, नोकरीची असो वा कर्जाची. मुलांनीही हे प्रश्न विचारावेत. ते बहिणींवर सोपवून मोकळे होऊ नये. सुट्टीत गावी गेल्यावर आजीचे बोलणे तिच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करून ठेवावे, म्हणजे बोलीची नोंद राहील.

साताऱ्याच्या त्या २८५ मुलींची नावे बदलता आली, कारण कोणीतरी हजेरीपट उघडून पाहिले. यंत्राचा हजेरीपटही आपल्याला उघडून पाहता आला पाहिजे, आणि त्यासाठी आग्रह धरण्याची वेळ आज आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)