पुंगळी आणि जेट : सायलेन्सरच्या इतिहासातील दोन शब्द

यंत्रांचा इतिहास सामान्यतः दोन प्रकारच्या साधनांवरून लिहिला जातो. कारखानदारांची पेटंटे व नमुने हा एक प्रकार. शासनाचे कायदे व नियम हा दुसरा. यंत्र हाताळणाऱ्यांची बोली हे तिसरे साधन बहुधा दुर्लक्षित राहते. मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसविणे आणि त्यास अनुसरून कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे प्रमाण जुळविणे, ह्या जोडकामाच्या इतिहासात बोलीची साक्ष कितपत उपयोगी पडते व तिची मर्यादा कोणती, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. सोलापूर हे ह्या विचारास सोयीचे ठिकाण होय. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून यंत्राची भाषा ह्या शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. मराठी, कानडी, तेलुगू व दखनी ह्या चारही बोली येथील पेठांत एकत्र नांदतात. आणि पुणे-हैदराबाद रस्त्यावरील शहर असल्याने वाहनदुरुस्तीचा धंदाही येथे चांगला रुजला आहे.

आरंभी दोन परिचित नावे घेऊ. मोटारसायकलला मराठीने ‘फटफटी’ हे नाव दिले. ते ध्वन्यनुकारी आहे. वाहन डोळ्यांपूर्वी कानांना भेटले, ह्याची ती नोंदच म्हणावयाची. ह्याच वाहनाच्या एका भागाचे ‘सायलेन्सर’ हे नाव मात्र इंग्रजीतून आले व त्याचा अर्थ ‘शांत करणारा’ असा आहे. अमेरिकेत ह्या भागास ‘मफलर’ म्हणतात. आपण ब्रिटिश शब्द उचलला. आवाजावरून नाव पडलेल्या वाहनास शांततेवरून नाव पडलेला भाग जोडलेला असावा, ह्या विसंगतीतच पुढील इतिहासाचे बीज आहे.

सायलेन्सरची कल्पना जवळजवळ पेट्रोल-वाहनाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज ह्या बंधूंना १८९७ साली अशा साधनाचे पेटंट मिळाले. हायरम पर्सी मॅक्सिम ह्याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि तेच तत्त्व पुढे इंजिनांसही लावले. तत्त्व साधे आहे. इंजिनातून तप्त वायू सलग न येता ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. त्यास रुंद कक्षात पसरू दिले, सच्छिद्र नळीतून वळविले, की ठोक्यांचा जोर ओसरतो व आवाज मंदावतो.

मोटारसायकलच्या बाबतीत ह्या साधनास सामाजिक अर्थ कसा प्राप्त झाला, हे इंग्लंडातील ब्रुकलँड्सच्या उदाहरणावरून दिसते. वेब्रिजजवळील हा शर्यतमार्ग १९०७ साली सुरू झाला. गाड्यांच्या आवाजाने त्रासलेल्या शेजाऱ्यांनी १९२० नंतरच्या दशकात न्यायालयाचा आश्रय घेतला, आणि परिणामी तेथे धावणाऱ्या गाड्यांना ठरावीक घडणीचा सायलेन्सर सक्तीचा झाला. ‘ब्रुकलँड्स कॅन’ ह्या नावाने तो ओळखला जाई. ह्याच मार्गावर तासाला १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी पुरी करणाऱ्या स्वारास सोन्याच्या ताऱ्याचा बिल्ला देण्याची प्रथा होती. १९३७ साली वॉल हँडली ह्याने बीएसए कंपनीच्या गाडीवर तो मिळविला, आणि पुढल्याच वर्षी कंपनीने ‘गोल्ड स्टार’ नावाची गाडी बाजारात आणली. त्या गाडीच्या सायलेन्सरचा घाट पुढे प्रसिद्धी पावला. आज भारतीय बाजारात बुलेटकरिता जे निरनिराळे सायलेन्सर मिळतात, त्यांत ‘पंजाब’, ‘इंदोरी’, ‘शॉर्ट बॉटल’ ह्यांच्या जोडीस ‘गोल्डस्टार’ हेही नाव आढळते. जेथे शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे सायलेन्सर सक्तीचा झाला, तेथील बिल्ल्याचे नाव आपल्या बाजारात मोठ्या आवाजाची खूण होऊन बसले आहे. शब्द प्रवास करतो, त्याची हकीकत मात्र मागे राहते.

आपल्याकडे ह्या जोडकामाचा पाया ज्या गाड्यांनी घातला त्या तीन. मद्रास येथे १९५५ साली एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन होऊन बुलेटची बांधणी सुरू झाली. ३४६ घनसेंटिमीटरचे, ७० मिलिमीटर व्यासाचे व ९० मिलिमीटर धावेचे तिचे चार-धावी इंजिन पुढे अनेक दशके मूळ रूपात टिकले. म्हैसूरला आयडियल जावा कंपनीत जावा व १९७३ पासून येझदी ह्या दोन-धावी गाड्या तयार झाल्या. १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० ही तिसरी, तीही दोन-धावी. ‘पुंगळी’ ह्या शब्दाचा उलगडा ह्या दोन-धावी गाड्यांवाचून होत नाही.

दोन-धावी इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. त्याची काजळी सायलेन्सरच्या शेपटाकडील सच्छिद्र नळीत साठते, छिद्रे बुजतात, वायू कोंडतो आणि गाडी ओढेनाशी होते. म्हणून ती नळी स्क्रू सोडून बाहेर काढता येईल अशी केलेली असते. ती काढावी, काजळी जाळून वा खरवडून टाकावी आणि पुन्हा बसवावी, हा देखभालीचा नियमित भाग होता. कागदाची पुंगळी, कापडाची पुंगळी अशा अर्थाने मराठीत रुळलेला, पोकळ नळीचा वाचक शब्द ह्या भागास मिळणे स्वाभाविक होते. ‘पुंगळी काढणे’ ह्या प्रयोगाचा पहिला अर्थ ‘साफ करण्यासाठी काढणे’ असा असावा, असे अनुमान करण्यास यंत्राची रचनाच आधार देते. आज मात्र ‘पुंगळी काढलेली गाडी’ म्हणजे मुद्दाम मोठा आवाज करणारी गाडी. ज्या बुलेटला काजळीसाठी काढावयाची अशी नळी नाही, तिच्याविषयीही हाच प्रयोग वर्तमानपत्रांत सर्रास होतो. काढून परत बसविण्याच्या क्रियेतील उत्तरार्ध गळाला, आणि देखभालीचा शब्द उपद्रवाचा शब्द झाला. अर्थसंकोच व अर्थापकर्ष ह्यांचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित आढळते.

परंतु बोलीची साक्ष येथेच अपुरी पडते. सायलेन्सर बदलणे हे अर्धेच काम आहे. कार्ब्युरेटरमधील जेटांची छिद्रे मूळच्या वायुप्रवाहास अनुसरून ठरविलेली असतात. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. पूर्ण शक्ती हवी असता हवा ह्याहून काहीशी कमी लागते. बाहेर जाण्याची वाट मोकळी केली की आत येणारा प्रवाहही बदलतो आणि बहुधा पेट्रोल कमी पडू लागते. मग इंजिन तापते, ॲक्सिलरेटर सोडताच धूरनळीत फटाके वाजतात आणि प्लग पांढरा पडतो. जाणता मिस्त्री अशा वेळी क्रमाने काम करतो. पूर्ण ॲक्सिलरेटरसाठी मेन जेट एक-दोन क्रमांक मोठे घालावयाचे. मधल्या पट्ट्यासाठी निडलची क्लिप एक खाच खाली सरकवून निडल वर उचलावयाची. आणि गाडी जागच्या जागी चालू असतानाची स्थिती पायलट जेट व एअर स्क्रू ह्यांनी साधावयाची. मग थोडे अंतर गाडी पळवून, इंजिन एकाएकी बंद करून प्लग पाहावयाचा: तपकिरी असल्यास मिश्रण बरोबर, काजळीने काळा असल्यास पेट्रोल जास्त.

दोन-धावी गाडीत हा संबंध आणखी घट्ट आहे, कारण धूरनळीत उमटणाऱ्या दाबलहरी परत येऊन ताजे मिश्रण सिलिंडरात रोखून धरतात. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन ह्याने हे शास्त्र शर्यतींसाठी पूर्णत्वास नेले. १९६१ साली त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर देश सोडून गेला व ही विद्या सुझुकीकडे पोहोचली. १९६२ साली सुझुकीने ५० घनसेंटिमीटर वर्गातील जागतिक विजेतेपद मिळविले. धूरनळीचा आकार हे राष्ट्रांनी जपावे असे गुपित ठरले. अशा नळीतून मधलाच भाग उपटून टाकल्यास शक्ती वाढण्याऐवजी घटण्याचाच संभव अधिक.

ह्या उत्तरार्धास बोलीत स्वतंत्र नाव नाही. जेट, निडल, पायलट, स्क्रू हे सारे शब्द इंग्रजी. ‘ॲव्हरेज’, ‘पिकअप’, ‘मिसिंग’ हे परिणामवाचक शब्दही इंग्रजीच. आवाज करणाऱ्या अर्ध्या कामास देशी शब्द मिळाला, कारण तो भाग रस्त्यावर सर्वांना ऐकू आला. मिश्रण जुळविण्याचे कौशल्य गॅरेजच्या आत, मिस्त्रीच्या हातात व कानात राहिले. बोली ही ऐकणाऱ्याची साक्ष देते, करणाऱ्याची देतेच असे नाही. तंत्राचा इतिहास लिहिणाराने हा भेद ध्यानात ठेवावयास हवा.

कायद्याच्या भाषेतही हीच असमतोल वाटणी आढळते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रत्येक वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारे साधन आवश्यक ठरवितो. १९८८ च्या अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलास प्रतिबंध करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. रात्री झोपमोड होणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीने हे रास्तच आहे. पण प्रदूषण तपासणीत दुचाकीचा धूर तपासला जातो तो ती जागच्या जागी चालू असताना. म्हणजे परीक्षा होते ती पायलट जेटची. मेन जेटपर्यंत ती पोहोचत नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि नव्या बुलेटमधून कार्ब्युरेटर गेला. आता धूरनळीतील संवेदक प्राणवायूचे प्रमाण मोजतो आणि पेट्रोलची मात्रा संगणक ठरवितो. प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखणारी विद्या जुन्या गाड्यांपुरती उरली असून तिच्या जाणकारांची पिढी ओसरत आहे. पुंगळी हा शब्द टिकेल, कारण उपद्रव टिकून आहे. जेटांची विद्या मात्र शब्दावाचूनच लोपण्याचा धोका आहे. सोलापूरच्या गॅरेजांत चार भाषांच्या सरमिसळीतून ती कशी शिकविली गेली, कोणत्या खुणांनी व कोणत्या वाक्यांनी शिष्याच्या हाती आली, ह्याचे ध्वनिमुद्रण व संकलन हा भाषाशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घ्यावा असा विषय आहे. आणि तो फार काळ वाट पाहणारा नाही.