विठाबाईंचा फड आणि बाईची पुंजी

खोडद म्हटलं की लोकांना इथल्या मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणी आठवतात. शेजारच्या नारायणगावची ओळख मात्र तमाशाची पंढरी अशी आहे. कलेवर घर कसं चालतं आणि कुठं अडतं, ते तिथल्या इतिहासातून कळतं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडमालक राहुट्या टाकून बसतात. गावोगावची यात्रा कमिटी येते, तारीख आणि रक्कम ठरते, इसार दिला जातो. ही झाली सुपारी. चैत्र-वैशाखातल्या जत्रांवर फडाची मोठी भिस्त असते. पाऊस लागला की खेळ बंद, पण चूल बंद ठेवता येत नाही. मग कलावंत मालकाकडून उचल घेतात आणि पुढच्या हंगामात नाचून-गाऊन ती फेडतात. कामाआधीच मजुरी खर्च झालेली असते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच रीतीत वाढल्या. जन्म १९३५चा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड नावाजलेला होता. विठाबाई लहानपणीच बोर्डावर उभ्या राहिल्या. खेळ चालू असताना त्या आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, ही हकिकत आजही सांगतात. आपण त्यांच्या हिमतीचं कौतुक करतो. पण एक रात्र बुडाली तर सगळ्या फडाचं पोट बुडतं, आणि बाळंतिणीलाही सुट्टी नाही, हेही त्याच हकिकतीत आहे.

१९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरी अखेरची वर्षं ओढगस्तीत गेली. दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. १५ जानेवारी २००२ला त्या गेल्या. आता त्यांच्याच नावानं राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांची लेक मंगला बनसोडे यांनी पुढं स्वतःचा फड चालवला.

विठाबाईंकडे कला होती, नाव होतं, मानही होता. नव्हती ती आजारपणाची आणि म्हातारपणाची सोय. आपल्यातही कुणी भजन-भारूड करतं, कुणी लग्नात गाणी म्हणतं, कुणी मेंदी काढतं. म्हणून सुपारी कागदावर घ्या, थोडी रक्कम आधी घ्या. हंगामाची कमाई बारा महिन्यांत वाटा. गटात आजारपणासाठी वेगळी पेटी ठेवा. ज्येष्ठ कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे, तिथं कामाचे पुरावे मागतात. तेव्हा हँडबिलं, फोटो, प्रमाणपत्रं आजपासूनच एका पिशवीत जपून ठेवा.