हस्तलिखिताचा विश्वस्त

दिलसुखनगरातील आम्हा जुन्या मराठी कुटुंबांत आजोबा-आजींनी लिहिलेल्या आठवणींच्या वह्या आजही ट्रंकांत पडून आहेत. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांपर्यंत त्या न्याव्यात कोणी?

इंग्रजी ग्रंथव्यवहारात यासाठी साहित्यिक अभिकर्ता, म्हणजेच लिटररी एजंट असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात लंडनच्या ए. पी. वॉट यांनी हा व्यवसाय नावारूपास आणला. लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी करार करावा आणि मानधनातून शेकडा दहा घ्यावेत, ही त्यांची रीत. किपलिंग, कॉनन डॉइल हे त्यांचे अशील होते.

मराठीत हा व्यवसाय फारसा रुजला नाही. लेखकाचे हित जपण्याचे काम येथे काही प्रकाशकांनीच केले. ह. वि. मोटे हे त्यांपैकी एक. १९३३ साली त्यांनी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केले. शिकलेल्या अविवाहित स्त्रियांच्या मनाची घुसमट मांडणाऱ्या त्या कथांनी वादळ उठले. लेखिका बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर, शिक्षणक्षेत्रात नोकरी करीत होत्या. नाव फुटल्यास त्यांच्यावर काय प्रसंग ओढवला असता, हे सांगावयास नको. मोट्यांना नाव ठाऊक होते, परंतु त्यांनी ते उघड केले नाही. उलट १९३४ साली 'हिंदोळ्यावर' ही कादंबरीही काढली.

आमच्या तरुणांपैकी कोणी हे काम पत्करणार असेल, तर कराराची कलमे त्याला शिकता येतील. परंतु आजीची वही ट्रंकेतून बाहेर येईल, ती असा विश्वास वाटल्यावरच.