विवाहातील ऐक्यसूचक विधी आणि विवाहाची सिद्धता : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

विवाह हा दोन व्यक्तींचा आणि दोन कुळांचा संयोग मानला जातो. हा संयोग प्रत्यक्ष दिसत नसल्यामुळे समाजाने त्याला दृश्य चिन्हे दिली. मात्र तो नेमका कोणत्या क्षणी पूर्ण होतो, हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नाही. स्त्रीचे पत्नी म्हणून असलेले स्थान, पोटगी व वारसा या बाबी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार येथे केला आहे.

लोकमानसातील विवाहक्षण

अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणस्थ कुटुंबांची कुलस्वामिनी. तथापि ती कुमारिका मानली जाते. परळीच्या वैजनाथाशी तिचा विवाह ठरला होता, परंतु मुहूर्त टळला आणि वऱ्हाड शिळारूप झाले, अशी लोककथा आहे. अंबाजोगाईजवळील कोरीव लेण्यांशी ही कथा जोडली जाते व तेथील शिल्पित हत्ती वऱ्हाडातले समजले जातात. ऐतिहासिक पुरावा म्हणून या कथेला मूल्य नसले, तरी क्षण चुकला म्हणजे विवाह झाला नाही, ही लोकधारणा तिच्यातून व्यक्त होते.

मराठवाड्यात आजही ‘टाळी लागली’ म्हणजे लग्न लागले असे समजतात. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि वऱ्हाडी पंगतीकडे वळतात. सूत्रवेष्टन, उपरण्याची व शेल्याची गाठ, लाजाहोम आणि सप्तपदी हे विधी पुष्कळदा मोजक्या आप्तांसमोर होतात. याउलट, हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार जेथे सप्तपदी हा विधीचा भाग असतो, तेथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. गाव ज्या क्षणाचा साक्षीदार असते तो क्षण आणि कायदा ज्या क्षणाची विचारणा करतो तो क्षण, असे हे दोन निराळे क्षण आहेत.

विधींची पुनर्रचना

या विधींना पहिले संघटित आव्हान महात्मा फुले यांनी दिले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी पुरोहिताविना विवाह लावण्यात आला. फुले यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते व वर ते हक्क देण्याचे वचन देतो. ऐक्याचे चिन्ह येथे गाठीतून शब्दात आले. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे अशा विवाहांवरून ग्रामजोशांच्या दक्षिणेचा वाद न्यायालयापर्यंत गेला. बीड त्या काळी निजामाच्या राज्यात होते. १९४८ पर्यंत ब्रिटिश मुलखातील कायदे व न्यायनिर्णय तेथे लागू नव्हते. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध विवाहात त्रिशरण-पंचशील आले आणि होम व सप्तपदी वगळली गेली.

१९५५ च्या कायद्याने रूढीला मान्यता दिली. पण रूढी दीर्घकाळ व सातत्याने पाळलेली असावी, अशी अटही घातली. त्यामुळे जाणीवपूर्वक घडवलेल्या नव्या विधींपुढे सिद्धतेची अडचण उभी राहिली. तामिळनाडूने १९६७ मध्ये कलम ७-अ जोडून स्वाभिमान विवाहांना स्पष्ट मान्यता दिली. महाराष्ट्रात तशी तरतूद झाली नाही.

सिद्धतेचा भार

या अडचणीची किंमत कोण देतो, हे भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ च्या खटल्यात दिसते. पहिली पत्नी असताना पुरुषाने गांधर्व पद्धतीने दुसरा विवाह केला होता. त्यात हार घालणे व कपाळाला कपाळ लावणे असे विधी झाले होते. होम आणि सप्तपदी झाली नाही व त्यांच्याविना विवाह होण्याची रूढीही सिद्ध झाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने द्विभार्या विवाहाची शिक्षा रद्द केली. पहिल्या पत्नीची दाद निष्फळ ठरली आणि दुसरीला पत्नीचे स्थान मिळाले नाही. विधीतील उणिवेचा लाभ पुरुषाला झाला. २०२४ मध्येही याच न्यायालयाने विधी झाले नसतील तर केवळ नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे स्पष्ट केले.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला श्रमाची बाजू आहे. ऊसतोडीत पती-पत्नीची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते व मुकादमाची उचल त्या जोडीवर मिळते. येथे ऐक्याचे चिन्ह अवजार झाले आहे. जोडी पूर्ण करण्याची ही निकड बालविवाहामागील एक कारण मानली जाते. २००६ च्या कायद्याने असा विवाह अल्पवयीन पक्षाच्या इच्छेनुसार रद्द करता येतो. पण त्यासाठी न्यायालयात जावे लागते. हंगामात गाव सोडणाऱ्या मुलीला ते सहज शक्य नसते.

समारोप

अंतरपाट, गाठ, सात पावले, वचन आणि कोयता ही सर्व ऐक्याचीच चिन्हे आहेत. ऐक्य नाकारले गेल्यावर मात्र पुरावा बहुधा स्त्रीकडेच मागितला जातो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी बंधनकारक केली. ही नोंद विधीची जागा घेत नाही. तरी कोणता विधी, कोणत्या दिवशी, कोणासमक्ष झाला याचा लेखी आधार वधूच्या हाती असणे आवश्यक आहे. फुले यांनी विवाहविधीतच वधूला बोलण्याचा अधिकार दिला होता. त्या अधिकाराला पुराव्याची जोड देणे हे अपुरे राहिलेले कार्य होय.